श्रीखंडाच्या डब्यातली माती

आमच्या कॉलनीतल्या देवीला पितळेच्या समया फार. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, समई. कुणाची बदली रद्द झाली, समई. एका गृहस्थाला मूतखडा पडला म्हणून त्यानं हंस बसवलेली समई दिली. गाभाऱ्यात आता देवीला कमी आणि समयांना जास्त जागा लागते. नवरात्राच्या आधी या सगळ्या समया घासायच्या, आणि त्या चिंचेनं आणि मातीनंच घासायच्या, असा आमच्या महिला भजनी मंडळाचा नियम आहे. बाजारची पावडर चालत नाही. पावडरीत काय घालतात कुणाला ठाऊक, असं मंडळाच्या अध्यक्षा म्हणतात, आणि त्या म्हणाल्या की आमच्या तीन गल्ल्यांपुरतं ते शास्त्र होतं.

ही माती दर वर्षी कन्नड तालुक्यातून येते. तिकडं आमच्या एका विश्वस्तांची, म्हणजे दादांची, जमीन आहे. ते समयांसाठी प्लॅस्टिकच्या डब्यात चाळलेली माती आणतात आणि घटासाठी गोणीत काळीभोर माती आणतात. हा डबा आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा डब्यापाशी झाला.

माझं काम त्या देवळात माईकचं. मंडप-डेकोरेशनचा माझा धंदा आहे. सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, भोंगे, सगळं माझंच. त्यामुळे देवळातल्या कुठल्याही कार्यक्रमाला मला बोलावावंच लागतं, आणि एकदा मी आलो की माईक परत मिळवणं अवघड जातं. तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली. भूमिका लहान असायच्या, पण मी त्या लहान राहू द्यायचो नाही.

तर, त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. धरणातून पाणी सोडलं आणि गोदाकाठची गावं पाण्यात गेली. मंडळातल्या एका बाईंचा भाचा त्यातल्याच एका गावात मास्तर. त्याचा फोन आला, की माणसं शाळेच्या गच्चीवर आहेत, जनावरं टेकाडावर बांधलीत, जनावरं सोडून मोठं माणूस काही हलायचं नाही, पण पोरांना तेवढं कुठंतरी न्या. अध्यक्षांनी, म्हणजे आमच्या काकूंनी, फोन कानाला असतानाच "आणा" म्हणून टाकलं. विश्वस्तांनी त्यावर रीतसर बैठक घेतली. पोरांना आणावं की आणू नये यावर साधकबाधक चर्चा झाली, आणायचं असं एकमतानं ठरलं, आणि ते ठरलं तेव्हा पोरं खाली हॉलमध्ये खिचडी खात होती.

पण मी पुढं गेलो. आधी ती आली कशी ते सांगतो.

ट्रॅक्टरनं डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून टेम्पोनं. टेम्पोवाला आमच्या शहागंजकडचा. उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "मामू, ये बच्चे लोगां पूरे रस्ते में एक बात नै करे. मैं बोल्या, गाना लगाऊँ क्या? तो बी चुप." मी माईक हातात घेऊन पायरीवर उभा होतो. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलेलं भाषण होतं. "बालमित्रांनो," मी सुरुवात केली, आवाजात थोडा कंप ठेवला, "आज या मातेच्या अंगणात..." पुढच्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, "काका, संडास कुठंय?"

भाषण तिथंच संपलं. त्या पोरांची आमच्याशी ओळख अशी झाली.

काकूंनी कारभार हातात घेतला. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गुडघे दुखणारे, आवाज न दुखणारा. त्यांचा क्रम ठरलेला होता. "आधी अंघोळ, मग जेवण, मग ज्याला रडायचंय त्यानं रडावं." हॉलच्या मागं मोरी आहे, तिथं पोरांना दोन रांगांत उभं केलं आणि पाटावर बसवून एकेकाला असं घासलं, की ती समयांची रंगीत तालीमच वाटावी. पोरं घाबरली, पण रडलं कुणी नाही. काकूंच्या क्रमात रडणं जेवणानंतर होतं, आणि जेवणानंतर सगळी झोपून गेली.

सेवेला माणसांची काही कमी पडली नाही. खरं तर पोरं कमी पडली. सकाळी एक गट यायचा, केळी वाटून फोटो काढायचा. दुपारी दुसरा गट, केळी. संध्याकाळी एका पतसंस्थेचे लोक आले, त्यांच्या हातात काय असेल हे पोरांनी लांबूनच ओळखलं आणि एकसाथ ओरडली, "केळीऽऽ!" न्हावी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याला कापायला केस सापडेनात. मंडळातल्या बायकांनी पोरांना भजन शिकवायचं ठरवलं. पोरांनी मान डोलावली आणि तालावर जे सुरू केलं ते गणपतीच्या मिरवणुकीतलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या चाचांनी दुधाची किटली आणि टोस्टचं पोतं पाठवलं. काकूंचं सोवळं कडक, म्हणून मी मुद्दाम तिथंच रेंगाळत होतो. मला वाटलं, आता काहीतरी बघायला मिळणार. काकूंनी पोतं सोडलं, एक टोस्ट वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "भाजलेल्याला सोवळं-ओवळं नसतं. वाटा." माझी निराशा झाली.

या सगळ्या गलक्यात एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि छातीशी धरलेला श्रीखंडाचा रिकामा डबा. तो अर्धा किलोवाला, पांढरा, झाकणावर उदबत्ती टेकून पडलेलं भोक. ती डबा घेऊन जेवायची, डबा उशाशी घेऊन झोपायची. पहिल्याच दिवशी मी तिच्याशी गमतीनं बोलायला गेलो.

"काय गं, श्रीखंड एकटीच खाणार का? मला नाही का थोडं?"

तिनं माझ्याकडं खुळ्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "श्रीखंड नाय."

"मग काय आहे?"

"आमचं हाय."

एवढंच. नंतर कुणी विचारलं नाही. आम्ही समजलो, पोरीनं लाडू-बिडू आणले असतील, किंवा गोट्या.

सर्वपित्रीची सकाळ उजाडली. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. मी शिडीवर चढून मोरीच्या वरच्या बाजूला दिव्यांची माळ बांधत होतो, त्यामुळे हा प्रवेश मी अगदी बाल्कनीतून पाहिलाय. खाली एका बाजूला काकूंनी उवांविरुद्ध मोहीम उघडली होती. पोरींना ओळीनं बसवून शिकेकाईनं न्हाऊ घालणं चालू होतं. दुसऱ्या बाजूला मंडळाच्या बायका समयांचा ढीग पुढ्यात घेऊन, चिंच भिजवून, मातीची वाट बघत बसल्या होत्या. कन्नडवाल्या दादांचा पत्ता नव्हता. नद्यानाल्यांना पाणी, पुलावरून गाड्या सोडत नव्हते.

त्या डबेवाल्या मुलीचा नंबर आला. तिनं डबा मोरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि डोळे मिटून पाण्याखाली बसली. इतक्यात बायकांमधल्या एकीचं लक्ष कट्ट्याकडं गेलं. देवळात असे पांढरे डबे ढिगानं, त्यामुळे हा त्या पोरीचा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तिनं झाकण उघडलं.

"अगं बाई, माती तर इथं आलीय!"

"दादा येऊन गेले वाटतं."

"आणि यंदा काय बारीक चाळलीय! नाहीतर दर वर्षी त्यांच्या मातीत अर्धे खडे."

काकूंनी शिकेकाईच्या हातानंच वळून बघितलं आणि म्हणाल्या, "घ्या मग, बसू नका." आणि बायका तुटून पडल्या. चिंच, माती, नारळाची शेंडी. खसाखस. मी वरून बघत होतो, समया अशा निघत होत्या की माझी दिव्यांची माळ लाजली. शेवटची हंसाची समई काकूंनी स्वतः घासली. रिकामा डबाही लख्ख धुतला आणि प्रसादाच्या डब्यांच्या उतरंडीत नेऊन ठेवला. काकू डबा टाकत नाहीत. देवळात कुणाच्या घरून काही आलं की डबा काकूंचा होतो.

मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. कट्टा रिकामा. तिनं कट्ट्यामागं बघितलं, बादल्यांत बघितलं, बाकीच्या पोरींच्या पिशव्यांत बघितलं. कुणाला काही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, लपाछपी चाललीय. मीसुद्धा वरून एकदा "धप्पा!" म्हणून ओरडलो.

दुपारी काकूंनी पोरांसाठी शिरा केला. शिरा डब्यांत भरून वाटायचा, म्हणजे ताटल्या घासाव्या लागत नाहीत, ही त्यांची युक्ती. एकेक डबा हातोहात पुढं जात होता, आणि मी माईकवरून "सावकाश, सावकाश, शिरा पळून जाणार नाही" वगैरे चालवलं होतं, तेवढ्यात दारात कन्नडवाले दादा उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, खांद्यावर गोणी, हातात प्लॅस्टिकचा डबा.

"काकू, उशीर झाला हो. पुलापाशी लई वेळ थांबवलं. ही घ्या, ही घटाची आणि ही समयांची."

"समयांची?" काकू म्हणाल्या. "समयांची तर सकाळीच पाठवलीत ना तुम्ही."

"मी? कुणाबरोबर?"

"डब्यातून."

"माझा डबा हा काय, माझ्या हातात."

मी माईक बंद केला. अशा जागी शांतता किती ठेवायची हे नटाला कळतं. पण ती शांतता मी ठेवलेली नव्हती. पोरांच्या रांगेतून ती मुलगी उठून पुढं आली होती. तिच्या हातात भोकाच्या झाकणाचा डबा, आणि डब्यात गरम शिरा, वर एक बेदाणा.

"ह्याच्यातली माती कुठंय?" तिनं विचारलं.

मग तीच बोलू लागली. आवाज चढवला नाही. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं. तिच्या घरी दर वर्षी घट बसतो. घटाला माती आपल्याच शेतातली लागते, दुसऱ्याची चालत नाही. शेतात पाणी शिरायच्या आदल्या दिवशी आईनं जाऊन माती काढून आणली होती, चाळून ठेवली होती. मग पोरांना न्यायला ट्रॅक्टर आला तेव्हा आईनं डबा हिच्याकडं दिला. "म्हणली, इथं यंदा घट बसतो का नाय, काय माहीत. तू जाशील तिथं देवी असंलच. तिच्यापाशी घाल. पण आपलीच घाल." मग म्हणाली, "आई आली की इचारंल."

आता आमच्याकडच्या मोठ्या माणसांचा प्रवेश. शेतकऱ्याच्या घरची माती म्हटल्यावर सगळ्यांनाच आपापल्या जमिनी आठवल्या. आमच्या भागात नोकरीवाली माणसं पुष्कळ, पण प्रत्येकाची कुठंतरी चार एकर असतेच, आणि ती चार एकर बोलण्यात चाळीस होते. एकानं सोयगावची माती देऊ केली. दुसऱ्यानं वाळूजजवळच्या आपल्या प्लॉटची देऊ केली. त्या प्लॉटवर मुरमाशिवाय काही नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दादांनी तर गोणीचं तोंडच सोडलं.

"बाळ, ही बघ. कन्नडची. दहा फूट खोल काळी हाय. हिच्यात मुसळ रोवलं तरी पालवी फुटंल."

"ती तुमची हाय ना," मुलगी म्हणाली.

"तुला दिली की तुझी झाली."

"मग आमची कशी झाली?"

दादा गोणीचं तोंड बांधू लागले.

हिशेबनीस म्हणून काम बघणारे एक विश्वस्त आहेत, त्यांनी आम्हा दोघा-तिघांना खांबाआड बोलावलं. त्यांचा विचार व्यवहारी होता. रंग काळाच, पोत बारीकच, तोच डबा. दादांची चाळलेली माती डब्यात भरायची आणि सापडली म्हणायचं. "आणि हे," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "हे सांगतील. ह्यांना जमतं."

जमणारच होतं. माझ्या डोक्यात प्रवेश बसूनही गेला होता. मागच्या दारानं यायचं, धापा टाकत, सदऱ्याला थोडी धूळ, डबा उंच धरून, "सापडली! अहो, सापडली!" पहिलं सापडली मोठ्यानं, दुसरं विश्वास बसत नसल्यासारखं. मी सदऱ्याची बाहीसुद्धा चुरगाळून घेतली होती. पण काकू खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या.

"तुमचं नाटक राहू द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून गेलीय. मीच सांगते."

काकूंनी आजवर कुणाला, माझं चुकलं, असं म्हटल्याचं आमच्या भागात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या यजमानांनी तर नाहीच. त्या हॉलच्या मधोमध जाऊन मुलीसमोर खाली बसल्या. गुडघ्यांमुळे त्या एरवी खुर्ची सोडत नाहीत. बसताना दोन टप्पे लागले.

"बाळा, तुझ्या मातीनं आम्ही समया घासल्या."

"सगळी?"

"सगळी."

"काउन?"

"मला वाटलं, आमची आहे."

मुलीनं यावर विचार केला. मग विचारलं, "निघाल्या का समया?"

"निघाल्या."

"बघू."

काकूंनी तिला गाभाऱ्याशी नेलं. आधी त्या मोरीकडं गेल्या होत्या, जाळी उचलून आत हातही घालून आल्या होत्या, पण काकूंच्या मोरीत काही अडकून राहत नाही. सगळी माती पाण्याबरोबर गेली होती. मुलगी समयांच्या ओळीपाशी उकिडवी बसली. एकेक समई तिनं जवळून बघितली, दुकानात बघावी तशी. हंसाच्या समईपाशी थांबली. हंसाच्या पंखाखाली नक्षीची खाच होती, तिच्यात तिनं करंगळीचं नख घातलं आणि बाहेर काढलं. नखावर काळी रेघ.

"ही हाय," ती म्हणाली.

ती हंसाची समई काकूंनी स्वतः घासलेली. काकूंचं पितळ आणि त्यात मळ! एरवी हे कुणी दाखवलं असतं तर त्या बाईला पुढच्या वर्षी समईला हात लावू दिला नसता. आज काकूंनी समई दिव्याखाली धरून आत बघितलं आणि जवळजवळ ओरडल्या, "आहे! इकडंही आहे!"

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मंडळाच्या झाडून साऱ्या बायका केसांतले आकडे आणि सेफ्टीपिना काढून समयांभोवती बसल्या. पायरीच्या कडेला, साखळीच्या कड्यांत, वातीच्या चोचीखाली, जिथं जिथं हात पोचला नव्हता तिथून माती कोरून काढायची आणि कागदावर ठेवायची. आणि सकाळी लख्ख म्हणून मिरवलेल्या त्याच समयांवर आता उलटी स्पर्धा.

"माझ्या समईत बघा केवढी राहिली!"

"तुझ्या? माझ्या तळाला तर थरच आहे, मी हात लावलाच नव्हता तिथं."

"तरी मी सकाळीच म्हणत होते, ही वरवर घासते."

"वरवर घासली म्हणून तर निघाली ना आता!"

कागदावर जमलं ते चमचाभर. चिंचेचा वास येणारं, थोडं हिरवट, पण माती. पुढचा प्रश्न गुरुजींचा. ते घटाची तयारी बघायला आले होते, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदाकडं लांबूनच बघितलं.

"घासलेली माती म्हणजे मळच झाला हो तो. देवीच्या घटाला शुद्ध माती लागते."

"आमच्या मातीत शेणखत असतंय," मुलगी म्हणाली.

"शेण पवित्रच आहे, बाळ."

"कोंबडखत बी असतंय."

गुरुजींनी खाकरून घेतलं. कोंबडीबद्दल त्यांच्याकडं वचन नव्हतं. काही वेळ पंचांगाची पानं उलटून म्हणाले, की देवीच्या दिव्याला लागलेली माती तशी शुद्धच मानता येईल. पण चमचाभर मातीत घट कसा बसवणार? पत्रावळ तर भरली पाहिजे.

यावर मुलीनं दादांच्या गोणीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मनात काहीतरी तोलत असावी.

"ती घ्या खाली," ती शेवटी म्हणाली. "आणि आमची वरून कालवू. आई दही लावती तसं."

दादांचा चेहरा बघण्यासारखा होता. दहा फूट खोल काळी, मुसळाला पालवी फोडणारी, आणि तिला दुधाची जागा! पण त्यांनी गोणी रिकामी केली. त्यानंतर नऊ दिवस देवळात येईल त्याला ते सांगत होते, "दूध कन्नडचं हाय बरं का, इरजण तेवढं गोदाकाठचं."

दुसऱ्या दिवशी घट बसला. मुलीनं आपल्या हातानं चमचाभर माती कालवली, गहू आणि ज्वारी पेरली, काकूंनी पाणी शिंपडलं. पुढं रोज सकाळी अंघोळ झाली की ती घटापाशी जाऊन बघून यायची आणि काकू तिच्या मागं उभ्या राहून बघायच्या. मास्तराच्या फोनवरून तिच्या आईशी बोलणं झालं, तेव्हा इकडचा फोन माझा होता आणि स्पीकर चालू होता, म्हणून मला ऐकू आलं. आईनं जेवणाचं विचारलं, झोपेचं विचारलं, मग विचारलं, "घातली का गं माती?"

"घातली."

"आपलीच ना?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंडात सुपारी असल्यासारखं दुसरीकडं बघितलं.

"हाय," ती म्हणाली, आणि फोन मला परत दिला. त्या दिवशी ती घटापाशी दोनदा जाऊन आली.

गहू उगवला. ज्वारीही उगवली. थोडा भाग मागं राहिला होता, एका बाजूला. चिंचेनं असेल, नाहीतर काकू पाणी फार घालायच्या म्हणून. दादांचं म्हणणं की मागं राहिलेली बाजू विरजणाची. पण ते त्यांनी मुलगी नसताना सांगितलं.

पाणी ओसरलं तशी आईबापं पोरांना न्यायला येऊ लागली. या मुलीची आई खंडेनवमीला संध्याकाळी आली. बारीक बाई, नेसूचं लुगडं कुणीतरी दिलेलं असावं, कारण सारखी पदर सावरत होती. काकूंनी तिला रात्री ठेवून घेतलं. दसऱ्याला सकाळी घट उठले. आमच्यात उगवलेलं धान पुरुषांनी टोपीत खोवायचं आणि बायकांनी केसांत माळायचं असतं. मी माझं कानामागं खोवलं, म्हणजे माईकवर बोलताना दिसतं. बाकीची माणसं सोनं लुटायच्या घाईत होती. मुलीनं डबा आणला, पत्रावळीतली माती मुळांसकट त्यात दाबून भरली, झाकण लावलं आणि आईच्या हातात दिला.

आईनं झाकण उघडलं. चिमूट उचलली, बोटांत चुरली.

"ही आपली नाय," ती म्हणाली.

काकू तिथंच होत्या. दादाही होते. मला एक वाक्य सुचलं होतं, चांगलं होतं, पण मी ते गिळलं.

"थोडी हाय," मुलगी म्हणाली. आणि मग तिनं सगळं एका दमात सांगितलं. कट्टा, शिकेकाई, समया, चिंच, शिरा, हंसाचा पंख, सेफ्टीपिना, कोंबडखत. काहीच सोडलं नाही. फोनवर खोटं बोलले, हेही सांगितलं, "हाय म्हणले, पण थोडीच हाय." सांगताना ती आईच्या पदराचं टोक पिळत होती.

काकूंनी मध्येच, "माझ्यामुळे झालं," असं म्हटलं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. मुळं बोटानं बाजूला करून आत बघितलं.

"तिकडं तरी कुठं आपली ऱ्हायलीय?" ती मुलीला म्हणाली. "सगळी खरडून गेली. खाली पांढरा मुरूम दिसतोय. आन् बांधापाशी गाळ येऊन बसलाय, तो कुणाच्या शेताचा हाय ते देवालाच माहीत."

"मग?" मुलीनं विचारलं.

"मग काय. ही नेऊ." तिनं झाकण दाबलं. ते भोकापाशी नीट बसत नव्हतं, तिनं वरून तळहातानं थापटलं. "थोडी हाय म्हणतीस ना?"

"हाय."

"मग झालं."

टेम्पो आला. तोच शहागंजवाला, या वेळी गाणं मोठ्यानं लावून. पोरं चढली, केळी चढली. केळी अजून संपलेली नव्हती. आई चढता चढता वळली आणि दादांना म्हणाली, "भाऊ, बाकीची तुमची हाय म्हणं. आमच्या रानात पडंल आता. कधी तिकडं आलात तर बघून जा तिला."

दादांच्या टोपीत धान होतं. मी त्यांच्याकडं बघत होतो, कारण आता ते दहा फूट खोल काळीचं सुरू करणार अशी माझी खात्री होती. पण ते म्हणाले, "येईन की," आणि टेम्पोच्या फळीची कडी लावायला वाकले.